मदत हवी आहे: ड्रायरचा ब्रेक लागत नाही, मोटार खरंच बदलावी लागेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात नऊ वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. आत जागा नाही म्हणून ते मागच्या गॅलरीत ठेवलंय. पावसाची झड येते, वरून प्लास्टिक टाकलं तरी खालून ओल लागतेच.

पूर्वी ड्रायरचं झाकण उचललं की टब दोन-तीन सेकंदांत थांबायचा. गेल्या पंधरवड्यापासून तो फिरतच राहतो. परवा साडीचा पदर टबाच्या कडेवर आला होता, तो आत सारायला सासूबाईंनी हात घातला. टबाचा वेग उतरला होता म्हणून निभावलं, पण दोन बांगड्या पिचल्या आणि मनगटावर लांबलचक ओरखडा उठला. तेव्हापासून मी ड्रायर कुणाला लावू देत नाही. या हवेत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, पण इलाज नाही.

मेकॅनिक येऊन गेला. मागचं झाकण न खोलताच म्हणाला, मोटार गेली, अडीच हजार लागतील. मला हे पटत नाही. मोटार गेली असती तर नुसती गुणगुणली असती, तापली असती, वेग धरला नसता. कपडे तर पहिल्यासारखेच पिळून निघतात.

म्हणून तेच कपडे ठेवून मोबाइलवर दोनदा वेळ लावली. झाकण बंद ठेवून टायमर संपू दिला, तर टब थांबायला 52 सेकंद लागले. दुसऱ्यांदा पूर्ण वेगात असताना झाकण उघडलं, तेव्हा 49. झाकण उचलताच मोटारीचा आवाज बंद होतो, म्हणजे वीज तोडणारं स्विच काम करतंय. पण ब्रेक असून नसल्यासारखाच, असा मी अर्थ काढला.

रविवारी प्लग काढून दिरांनी मागचा पत्रा खोलला. झाकणाकडून एक वायर खाली येते, सायकलच्या ब्रेकसारखी, नळीतून. ती मोटारीवरच्या पट्टीला अडकवलेली आहे. पट्टीच्या टोकाला ब्रेकचा गुटका आणि बाजूला स्प्रिंग. झाकण लावलं की वायर ताणली जाते, गुटका चाकापासून सुटतो. उघडल्यावर तो परत चाकावर बसायला हवा, पण बोटभर अंतर सोडून मध्येच थांबतो. चाकावर साबणाच्या पाण्याचा पांढरा ओघळही दिसला.

वायर, स्प्रिंग की गुटका, नक्की काय बिघडलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? शालिमार किंवा एमजी रोडच्या बाजूला हे सुटे भाग मिळतील का?

प्रतिसाद

ताई, मोटारीला हात लावू नका. ती मोकळी फिरत राहते याचा अर्थ तिचं बेअरिंग चांगलं आहे.

तुमची वायर तुटलेली नाही, हे नक्की. या ब्रेकची रचना अशी असते की वायर तुटली तर स्प्रिंग गुटका कायमचा चाकावर दाबून धरते, मग टब फिरतच नाही आणि मोटार घुंघुं करते. तुमचं उलट झालंय. प्लग काढून वायरीचं टोक पट्टीतून सोडवा. गुटका खट्कन चाकावर बसला तर स्प्रिंग चांगली आहे, वायर नळीत अडकतेय. आणि तरी बसला नाही, तर स्प्रिंग सैल पडलीय किंवा पट्टीची खीळ गंजलीय. बसूनही टब हाताने सहज फिरला, तर गुटका झिजलाय.

कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी गुटक्याजवळ तेल सोडू नका. पांढरा ओघळ दिसतोय म्हणजे टबाखालचं रबरी सील गळतंय. ते तसंच ठेवलंत तर नवा ब्रेकही घसरेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. आज वायर सोडवली. गुटका इतक्या जोरात बसला की टब दोन्ही हातांनीही हलेना. वायर नळीतून ओढून काढली, तर मधली वीतभर लांबी तांबूस, गंजाने फुगलेली, बोटांना भुगा लागला. नळीचं खालचं तोंड वर वळलेलं होतं, तिथेच पाणी साचत असणार.

शालिमारच्या एका दुकानात त्याच लांबीची वायर आणि सील दोन्ही मिळालं. वायर बसवून झालीय. तेच कपडे, तेवढाच भार, झाकण उघडल्यावर 3 सेकंद. सील उद्या मेकॅनिककडून बसवून घेते, त्यासाठी टब काढावा लागतो असं दुकानदार म्हणाले. तोवर ड्रायर बंदच. वायर बसवताना नळीचं तोंड खाली राहील असं वळवलंय, आणि मशीन गॅलरीतून आत घ्यायला दिरांनी कपाट सरकवायला घेतलंय.