कोरफड, लिंबू आणि बावचीविषयी थोडी भर

कोरफड आणि लिंबू कोणत्याही त्वचेला चालतात, असे म्हटले जाते, पण ते मला अर्धेच पटते. आमच्याकडे इंदूरला कोरफडीचे पान कापल्यावर वाटीत पंधरा मिनिटे उभे ठेवतात. कापलेल्या कडेने जो पिवळा, कडू चीक उतरतो त्याने संवेदनशील त्वचेची आग होऊ शकते, म्हणून तो टाकून मधला पारदर्शक गरच घ्यावा. तेलकट त्वचेला तो पुरेसा होतो, कोरड्या त्वचेला मात्र त्यावर तेलाचा हात लागतोच. तिथे खोबरेल उत्तम, पण मुरमांच्या चेहऱ्याला नको.

लिंबाचा सामू (pH, आम्लतेचे माप) 2 च्या आसपास आणि त्वचेचा साधारण 5, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा कितीतरी अधिक आम्ल. शिवाय लिंबातील फ्युरोकुमारिन द्रव्यांमुळे मे महिन्याच्या उन्हात काळे डाग उमटू शकतात. उजळण्यासाठी लावलेले हे असे उलटते!

बावची या औषधी वनस्पतीतील बाकुचिओल या द्रव्यावर 2019 मध्ये 44 जणांचा बारा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 0.5 टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा लावल्यावर सुरकुत्या आणि डागांवर रेटिनॉलइतकाच (सुरकुत्यांसाठी लावतात ते अ जीवनसत्त्वाचे रूप) परिणाम दिसला, तर सालपटे निघणे आणि चुरचुर रेटिनॉलच्या गटात अधिक होती. संवेदनशील त्वचेसाठी हे मला सर्वांत आशादायक वाटते. मात्र म्हणून इंदूरच्या सियागंज बाजारातून बावचीचे बी आणून घरी लेप करू नये, कारण कच्च्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येऊ शकतात.