तेलकट टाळूला आणखी तेल कशाला?

कोंडा म्हणजे कोरडेपणा, तेव्हा रोज रात्री तेल जिरवावे, हा सल्ला मुळातच तेलकट असलेल्या टाळूला लागू पडत नाही. प्राचीन आयुर्वेदाचार्य सुश्रुताने इंद्रलुप्ताची (केस गळून टक्कल पडण्याच्या रोगाची) संप्राप्ती, म्हणजे तो कसा होतो हे, सांगताना वातासह पित्तामुळे केस गळतात आणि मग रक्तासह कफ रोमकूप (केसांच्या मुळांची छिद्रे) बंद करतो, असे म्हटले आहे. तेव्हा टाळूवर साचलेला थर तसाच ठेवून त्यावर तेल ओतत राहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माझ्या टाळूवरून नखाने पिवळट, मेणचट पापुद्रा निघत असे. तेल न्हाण्यापूर्वी जेमतेम अर्धा तास ठेवून, रात्री भिजवलेल्या रिठा-शिकेकाईच्या गाळलेल्या पाण्याने (डोळे घट्ट मिटून!) आठवड्यातून दोनदा केस धुऊ लागल्यावर दीड महिन्यात तो थर गेला, भांगातले विरळपण मात्र कायम राहिले, कारण ते आनुवंशिक असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले.