डोंगरपायथ्याच्या गावात चार दिवस: मुक्काम, घाट आणि भटकंती

निवांत (प्रश्न):
डोंगररांगेच्या पायथ्याशी एका छोट्या गावात चार दिवस जायचं आहे. बरोबर सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी. गाव ६०० मीटर उंचीवर, वरची खिंड साधारण २,००० मीटरवर. गाडी स्वतःची. मुक्काम नदीकाठी घ्यावा की चढावर? दिवस कसा आखावा? आणि घाट उतरताना ब्रेक तापतात म्हणतात, त्यावर उपाय काय?

ओढेकाठ:
मुक्काम चढावर घ्या, पण अगदी वर नको. रात्री उतारांवरची हवा थंड होते, जड होते आणि घरंगळत तळाशी साचते. त्यामुळे नदीकाठची खोली पहाटे सर्वांत गार आणि धुकट असते. तळापासून थोड्याच उंचीवर रात्र त्या मानाने उबदार जाते. शिवाय पुराचा प्रश्नच उरत नाही.

खोली ठरवण्याआधी नकाशावर एक गोष्ट जरूर बघा: डोंगर गावाच्या कोणत्या बाजूला आहे? पश्चिमेला असेल तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी गाव सावलीत जातं आणि गारठा पडतो. पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन उशिरा येतं. आईवडिलांना सकाळी उन्हात बसायची सवय असेल तर एवढ्यावरून खोली बदलावी.

दिवसाची आखणी एका वाक्यात: वरचं सगळं सकाळी, दुपार मोकळी. ऊन चढलं की उतार तापतात, दमट हवा त्यांच्या अंगाने वर चढते आणि दुपारपर्यंत माथ्यावर ढग जमतात. गडगडाटी पावसाच्या दिवसांत तो दुपारनंतरच कोसळतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा त्याहून कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद करून गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही.

कपड्यांसाठी हिशेब: दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे गावात २५ अंश असताना खिंडीत १६ च्या आसपास, आणि वारा वेगळा. गावातल्या हवेकडे बघून जाकीट खोलीवर ठेवू नका.

दुसरा गिअर:
गाडीचं सांगतो. उतारावर सतत पाय ठेवला की चकत्या आणि पॅड तापतात, पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी मुरलेल्याची हमी १५५ अंशांपर्यंतच असते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या. पॅडची जाडीही त्याच वेळी बघून घ्या.

जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढाल तो दुसऱ्यातच उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ऑटोमॅटिक असेल तर एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा. हलका पाय ठेवून रेंगाळणं हेच ब्रेक तापण्याचं मुख्य कारण. न्यूट्रलमध्ये उतरणं किंवा इंजिन बंद करणं कधीच नको: इंजिनाचा रोध जातो, ते बंद केल्यावर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते.

जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही लगेच ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाका, हे मात्र विसरू नका.

गाडी विजेवरची असेल तर वरच्या मुक्कामी बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणारी वीज मावत नाही, मग मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

पायवाट:
चालण्याच्या वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम आजही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि ४५० मीटर चढ म्हणजे २ तास २० मिनिटं. वयस्कर आणि लहान सोबत असल्याने दीडपट धरा, म्हणजे साडेतीन. थांबे यात नाहीत. परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि माथा समोर दिसत असला तरी पाळा.

ओढ्याबद्दल जास्त सावध राहा. पाऊस वर पडतो, पूर खाली येतो, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा निळं आभाळ असू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला की मुलीला घेऊन तत्काळ उंच जागी जा, सामान राहू द्या. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं. ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं. बुडालेल्या फरशीपुलावर गाडी घालायचीच नाही.

निवांत:
खूप उपयोगी. मुलीला घाटात उलट्या होतात आणि वडिलांना रक्तदाब आहे. २,००० मीटरला विरळ हवेचा त्रास होईल का?

ओढेकाठ:
विरळ हवेचे आजार साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतात, त्यामुळे खिंडीत तासभर थांबायला सहसा अडचण नाही. चढ चालताना धाप मात्र लवकर लागेल. डॉक्टरांना विचारून घ्या आणि गोळ्या डिकीत नव्हे, हाताशी ठेवा. मुलीला खिडकीतून लांबचा रस्ता बघायला सांगा, मोबाइल-पुस्तक बंद. उलटीचं औषध डॉक्टरांनी दिलं तर ते घाट लागण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यायचं. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही.