मुक्त परवान्याची छायाचित्रे आणि एआयचे प्रशिक्षण

प्रश्न (महाल, नागपूर):
मारबत मिरवणुकीची माझी छायाचित्रे मी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणालाही वापराची मुभा) विकिमीडिया कॉमन्सवर ठेवली आहेत. ती एआयच्या प्रशिक्षणात वापरल्यास श्रेय देणे बंधनकारक आहे का? परवाना मागे घेता येईल का?

उत्तर १:
परवाना मागे घेता येत नाही. श्रेयाचे उत्तर मात्र सरळ नाही, कारण जेथे कॉपीराइट कायद्यातील अपवादानेच वापराला मुभा मिळते तेथे परवान्याच्या अटी लागू होत नाहीत, असे परवान्याच्या मजकुरातच नमूद आहे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात विदा-उत्खननासाठी (मोठ्या माहितीसाठ्याचे संगणकाने केलेले विश्लेषण) असा अपवाद ठेवला आणि हक्कधारकाला नकार नोंदवण्याची सोयही दिली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये अशा अपवादाचा स्पष्ट उल्लेख नाही.

उत्तर २:
म्हणूनच एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा महत्त्वाचा आहे. तो वृत्तमजकुराविषयी असला, तरी प्रशिक्षणासाठी प्रत करणे हे उल्लंघन ठरते का, हा मूळ प्रश्न तोच आहे.

प्रश्नकर्ता:
आभार. पिवळ्या मारबतीची छायाचित्रे तर गेलीच. काळ्या मारबतीची अजून माझ्याच संगणकात आहेत, त्यांचा परवाना विचारपूर्वक निवडेन.