जुन्या भयपटांचा संच कोणत्या क्रमाने पाहावा?

रातपाखरू:
युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचा तीस चित्रपटांचा संच पाहायला घेतला आहे. सालवार जावं की एकेक मालिका संपवावी? ‘ड्रॅक्युला’ (१९३१) मध्येमध्ये अगदी मुका होतो. डिस्क खराब आहे का? आणि टीव्हीवर दोन्ही बाजूंना येणारे काळे पट्टे घालवावेत का?

काळंपांढरं:
डिस्क ठीक आहे. ‘ड्रॅक्युला’त नामावलीवर ‘स्वान लेक’ या बॅलेचं संगीत वाजतं, पुढे नाट्यगृहाच्या प्रसंगात थोडं संगीत येतं, बाकी पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बोलपट नुकतेच आले होते, संवादांखाली संगीत वाजवत ठेवायची पद्धत रुळायची होती. शांतता भरून काढायला आवाज वाढवू नका, नुसती खरखर वाढेल. काही डिस्कवर फिलिप ग्लास यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी रचलेलं संगीत वेगळ्या ट्रॅकवर असतं, पण पहिल्यांदा त्याच्याशिवाय पाहा. जिन्यावरचा बेला लुगोसी (ड्रॅक्युला झालेला नट) त्या शांततेतच अंगावर येतो.

काळे पट्टे राहू द्या. यातल्या बहुतेक चित्रपटांची चौकटच १.३७:१ (रुंदी:उंची) आहे. झूम केलंत तर वरखाली मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं, आणि जॅक पियर्सच्या रंगभूषेतलं फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं ते सपाट डोकंच पडद्याबाहेर जातं! टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा आणि खोलीत अंधार ठेवा, नाहीतर सावल्यांमधलं काहीच दिसत नाही.

तिसरं रीळ:
क्रमाबद्दल. फ्रँकेन्स्टाइन आणि वुल्फ मॅन यांच्या मालिका १९४३ मध्ये एकत्र येतात, म्हणून त्या गुंफूनच पाहाव्या लागतात: ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१), ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५), ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९), मग ‘द वुल्फ मॅन’ (१९४१), ‘घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४२), त्यानंतर ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ (१९४३).

क्रम चुकला की काय हुकतं ते सांगतो. ‘घोस्ट’च्या शेवटी राक्षसाच्या डोक्यात त्याचा साथीदार इगोर याचा मेंदू बसवतात आणि तो आंधळा होतो. पुढच्या चित्रपटात राक्षस झालाय बेला लुगोसी, म्हणजे आधी इगोर झालेला नटच, आणि तो हात पुढे करून चाचपडत चालतो. त्याचे संवाद चित्रीत झाले होते, पण प्रदर्शनाआधी कापले गेले, आणि आंधळेपणाचा उल्लेखही त्यांच्याबरोबर गेला. ‘घोस्ट’ न पाहिलेल्याला ती चाल नुसती विचित्र वाटते. पुढे सगळ्यांनी नक्कल केली ती हीच चाल. असे धागे हाती लागणं हीच संच क्रमाने पाहण्यातली खरी गंमत.

आणखी एक: पौर्णिमेला लांडगा होणं १९४१च्या चित्रपटात नाही. तिथे वुल्फ्सबेन या विषारी वनस्पतीचं फूल आणि शरदातला चंद्र आहे. पौर्णिमा येते १९४३ मध्ये.

ममीचे १९४०–४४ मधले चार चित्रपट मात्र लागोपाठ पाहू नका. लांबी तासाभराचीच, पण कथा तीच फिरते आणि जुनी दृश्यं पुन्हा वापरलेली आहेत. ‘द ममीज टूम’ची सुरुवातच मागच्या चित्रपटाच्या उजळणीने होते. मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

निळी छटा:
स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ (१९३१) चुकवू नका. दिवसा इंग्रजी आणि रात्री स्पॅनिश, असं त्याच सेटवर चित्रीकरण व्हायचं. तो सुमारे अर्ध्या तासाने लांब आहे आणि कॅमेरा जास्त फिरतो. इंग्रजी पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी लावा, प्रसंग ताजे असतात.

संचाबाहेरचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) पाहणार असाल तर रंगछटा दिलेलीच प्रत घ्या. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रीत केलेत, रात्र कळते ती निळ्या छटेवरून. साध्या काळ्यापांढऱ्या प्रतीत पिशाच भर उन्हात फिरताना दिसतं, आणि सूर्यप्रकाशाने त्याचा अंत होतो हा शेवटच मग पटत नाही.

काळंपांढरं:
‘द इनव्हिजिबल मॅन’ (१९३३) मध्ये तो बँडेज सोडतो तिथे थांबवून कॉलरची कड बघा. काळ्या मखमलीने पूर्ण झाकलेला माणूस, त्यावर कपडे आणि मागेही काळी मखमलच. मग ते चित्र खोलीच्या दृश्यात मिसळलं. जोड कुठे दिसते का ते शोधा.