सोमालिया: सरकारावाचून चाललं, की सरकारावाचून अडलं?

बिनसरकारी

२०२४ च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा दोन दिवस आपल्या वाहिन्यांवर सोमालियाच सोमालिया होता. चाच्यांच्या दाढ्या दाखवून झाल्या, पण त्या देशात बाकीचे लोक पोट कशावर भरतात हे कुणी विचारलं नाही. म्हणून हा धागा.

लोक जगतात ते जनावरांवर. उंट, शेळ्या, मेंढ्या, थोडी गुरं. नुसते उंटच ७० लाखांच्या घरात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या (एफएओ) हिशेबाने २०१४ साली तिथून ५० लाखांवर जनावरं आखातात गेली आणि त्यांचे ३६ कोटी डॉलर आले. बहुतेक सगळा माल हजच्या हंगामाला धरून बर्बेरा आणि बोसासो बंदरांतून निघतो. हे कुठल्या मंत्रालयाने उभं केलेलं नाही. हुकूमशहा सियाद बरे जानेवारी १९९१ मध्ये पळाला तेव्हापासून २०१२ पर्यंत तिथे नाव घेण्याजोगं केंद्र सरकारच नव्हतं. दलाल, टोळीतले वडीलधारे आणि शब्दावर चालणारी उधारी, एवढ्यावर ही निर्यात टिकली.

आता फोन बघा. सरकार गेलं, सरकारी टेलिफोन खातं गेलं आणि खाजगी कंपन्यांनी मनोरे ठोकले. मग त्याच कंपन्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढली: तेलेसोमचं 'झाद' २००९ ला आलं, होरमूदचं 'ईव्हीसी प्लस' २०११ ला. जागतिक बँकेने २०१८ मध्ये मोजलं तर महिन्याला १५.५ कोटी व्यवहार, २७० कोटी डॉलरचे. आपल्याकडे यूपीआय अजून जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा राजधानी मोगादिशूत उंटिणीचं दूध विकणारी बाई मोबाइलवर डॉलरमध्ये पैसे घेत होती.

माझं म्हणणं असं, की देणगीदार देश गेली कित्येक वर्षं मोगादिशूत मंत्रालयं आणि कार्यशाळा पोसताहेत, तो पैसा वाया चाललाय. जे चालतंय ते सरकार नव्हतं म्हणून चाललं. हवं तर शिव्या घाला, पण मुद्द्याला धरून.

खुरकूत

शिव्या नाही घालत, पण सप्टेंबर २००० तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे माझ्या खात्यापुरतंच बोलतो. रिफ्ट व्हॅली ताप नावाचा रोग आहे. अतिवृष्टीनंतर डास माजतात, मेंढ्यांचे गर्भ पडतात, कोकरं मरतात आणि माणसालाही लागण होते. २००० साली तो सौदी आणि येमेनमध्ये पोचला, माणसं दगावली. सौदीने आफ्रिकेच्या शिंगाकडून, म्हणजे ईशान्य टोकाकडून, येणारी जनावरं बंद केली. सोमालियासाठी ती बंदी २००९ पर्यंत राहिली. नऊ वर्षं! ज्या देशाचं निम्म्याहून जास्त निर्यात उत्पन्न जनावरांचं, त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नऊ वर्षं दार लावून बसलं होतं.

आपला हापूस आठवा. फळमाशी सापडली म्हणून युरोपने १ मे २०१४ पासून आंबा बंद केला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवली. का उठवली? इथे तपासणीची यंत्रणा होती, पेटीवर शिक्का मारणारा अधिकारी होता, आणि त्या शिक्क्यामागे कोण उभं आहे हे ब्रसेल्सला ठाऊक होतं. सोमाली मेंढी कितीही निरोगी असो, ती निरोगी आहे असं लिहून देणारा कुणी नव्हता. दलालाचा शब्द तिथल्या बुरओच्या बाजारात चालतो, सौदीतल्या जेद्दाच्या धक्क्यावर चालत नाही.

चौकस आजोबा

खुरकूत यांना +१. (आयडी वाचून आधी वाटलं कुणी टवाळखोर आहे.)

बिनसरकारी

डॉक्टर, मुद्दा चांगला आहे पण अर्धाच आहे. सौदीची २००० ची बंदी एकट्या सोमालियावर नव्हती. इथिओपिया, केनिया, सुदान, सगळे त्यात होते. त्यांच्याकडे पशुवैद्यकीय खाती होती, शिक्के होते, शिक्क्यांवर गरुड-सिंहही असतील. मग त्यांची जनावरं का अडली?

आणि वाट मोकळी कशी झाली तेही सांगा ना. एका सौदी व्यापाऱ्याने आधी जिबूतीत आणि मग बर्बेऱ्यात विलगीकरण तळ बांधला. जनावरं तिथे ठेवायची, रक्त तपासायचं, मग जहाजात चढवायची. म्हणजे तुमचा शिक्काही शेवटी खाजगीच निघाला.

खुरकूत

तळ खाजगी होता, हे मान्य. पण तो चालला कुठे? जिबूतीत, म्हणजे सरकार असलेल्या देशात, २००६ ला. आणि बर्बेऱ्यात, म्हणजे सोमालीलँडमध्ये. सोमालीलँडने १८ मे १९९१ लाच वेगळी चूल मांडली. जगाने जवळजवळ मान्यता दिलेली नाही, पण सरकार, पोलीस, निवडणुका, चलन असं सगळं तिथे आहे. रोज गोळीबार चालू असलेल्या मोगादिशूत त्या शेठजींनी गुंतवणूक का केली नाही, याचा विचार करा.

शिवाय त्या नऊ वर्षांत माल चोरवाटांनी गेला, दुसऱ्याच्या नावावर गेला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपला वाटा कापून घेतला, आणि भाव पडला तो पाळणाऱ्याचा.

नैरोबीकर

नैरोबीत नोकरीनिमित्त राहतो. इथलं ईस्टले म्हणजे सोमाली व्यापाऱ्यांचा बालेकिल्ला, अख्ख्या पूर्व आफ्रिकेत कापड इथून जातं. त्यांच्या धंद्याच्या हुशारीबद्दल शंका घेणाऱ्याने एक दिवस तिथे घासाघीस करून दाखवावी.

पण बिनसरकारी, तुमच्या फोनच्या कौतुकात एक गंमत राहिली. कित्येक वर्षं सोमालियात एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला फोन लागतच नसे. कंपन्या एकमेकींना जोडून घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन सिम बाळगायचे. दूरसंचार कायदा यायला २०१७ साल उजाडलं. मनोरा बाजाराने उभारला, पण दोन मनोऱ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं कुणीतरी वरचं लागलंच.

त्याच वर्षी एका मालवाहू जहाजाने समुद्रातली केबल तोडली आणि देशाच्या मोठ्या भागात तीन आठवडे इंटरनेट नव्हतं. दिवसाला एक कोटी डॉलर बुडताहेत असं तिथल्या मंत्र्याने सांगितलं. दुसरी केबल का नव्हती, हे बाजाराला विचारा.

बिनसरकारी

जहाजाने केबल तोडली यातही सरकार नसल्याचा दोष? उद्या पाऊस पडला नाही तरी तेच म्हणाल.

रोखठोक मंगल

पावसाचं तुम्हीच काढलंत म्हणून. २०११ चा दुष्काळ केनियाच्या उत्तरेत होता, इथिओपियात होता, सोमालियात होता. ढग तेच, वारा तोच. भूकबळींचा अधिकृत दुष्काळ जाहीर झाला तो फक्त दक्षिण सोमालियात. सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची. तुमच्या ईव्हीसी प्लसवर ते पैसे घेत असतील हो, पण बाजारात धान्य पोचायला रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर बंदूकवाला उभा नसावा लागतो.

बिनसरकारी

मंगलताई, अल-शबाब या जिहादी संघटनेने त्या भागात मदत संस्थांना बंदी घातली होती आणि अमेरिकी निर्बंधांच्या धाकाने बाकीच्यांनी हात आखडला. हे दोन्ही राजकारणाचे प्रताप, बाजाराचे नव्हेत. उलट माणसं जगली ती परदेशातल्या भावा-बहिणींनी पाठवलेल्या पैशांवर. वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त येतात. आणि मायबाप सरकारांनी त्यावर काय उपकार केले? नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही असे पैसे पोचवणारी सगळ्यात मोठी पेढी दहशतवादाच्या संशयावरून एका फटक्यात बंद केली. २०१३ मध्ये बार्कलेज बँकेने दहाबशील या तसल्याच पेढीचं खातं बंद करायला घेतलं. गळा दाबणारे सगळे सरकारी चौकटीतलेच.

नैरोबीकर

बार्कलेजने खातं का बंद करायला घेतलं? कारण त्या टोकाला पैसा कुणाच्या हातात जातो याची हमी देणारी मध्यवर्ती बँक नव्हती. होरमूदलाही मोबाइल पैशाचा परवाना मिळाला तो २०२१ मध्ये. दहा वर्षं अख्ख्या देशाची बचत एका कंपनीच्या वहीत, आणि वही तपासणारं कुणी नाही. बुडली नाही हे नशीब समजा, याला व्यवस्था म्हणू नका.

अवांतरप्रेमी

अवांतर: तिथे नोटा चालतच नाहीत का? सगळं डॉलरच?

खुरकूत

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. मध्यवर्ती बँक बुडाल्यावर सरकारी छपाई थांबली. मग वेगवेगळ्या गटांनी आणि व्यापाऱ्यांनी परदेशातून हजार शिलिंगच्या नोटा छापून आणल्या. चलनातल्या सुमारे ९८ टक्के नोटा खोट्या, असं खुद्द नाणेनिधीने म्हटलंय. तरीही त्या चालत राहिल्या, बाजारहाटाला. छापून आणण्याचा खर्च नोटेच्या किमतीला येऊन भिडला तेव्हा छापणं आपोआप थांबलं. बिनसरकारींना हे फार आवडेल.

बिनसरकारी

आवडलंच!

रोखठोक मंगल

आवडलं ना? मग बचतीची किंमत कुणाची गेली तेही लिहा. ज्याच्याकडे डॉलर होते त्याची नाही गेली. गाठोड्यात शिलिंग बांधून ठेवणाऱ्या बाईची गेली.

चौकस आजोबा

एक भाबडा प्रश्न. रस्ते कुणी बांधले तिथे?

नैरोबीकर

भाबडा नाही, सगळ्यात नेमका प्रश्न आहे. मोठा उत्तर-दक्षिण रस्ता, बेलेद वेयने ते बुरओ, साधारण ९७० किलोमीटर, चीनने बांधून १९७८ मध्ये पुरा केला. म्हणजे सियाद बरेच्या काळात. बरे गेल्यानंतरच्या तीस वर्षांत मनोरे उभे राहिले, पण बाजाराने असा एक रस्ता बांधल्याचं मला दाखवा. मनोऱ्याला कुंपण घालता येतं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येतात. रस्त्यावर पैसे घेणारे मात्र भरपूर: दर काही मैलांवर दोरी आडवी बांधलेली. सरकारी सैनिक, टोळीवाले, अल-शबाब. त्यातले अल-शबाबवाले पावती देतात, त्यामुळे पुढच्या त्यांच्याच नाक्यावर पुन्हा द्यावं लागत नाही! महिन्याला किमान दीड कोटी डॉलर ते गोळा करतात, असा मोगादिशूच्याच हिराल इन्स्टिट्यूटचा २०२० चा अंदाज आहे.

म्हणून विचारतो, तुम्ही ज्याला सरकार नसणं म्हणता, तिथे कर नव्हता असं वाटतं का तुम्हाला?

बिनसरकारी

नाही वाटत. पण मग प्रश्न सरकार हवं की नको एवढा उरत नाही, कुठलं आणि कुठे हा उरतो. मोगादिशूचं सरकार देशाच्या उत्पन्नाच्या तीनेक टक्के महसूल गोळा करतं, जगातल्या सगळ्यात कमीपैकी. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना ४५० कोटी डॉलरची कर्जमाफी मिळाली, कर्ज उत्पन्नाच्या ६४ टक्क्यांवरून ६ च्या खाली आलं. छान झालं. पण ते कर्ज कुणी खाल्लं होतं? बरेच्या फौजेने आणि थकलेल्या व्याजाने. मेंढपाळाने नाही.

बर्बेऱ्याकडे बघा. दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदर कंपनीने २०१६ मध्ये ४४ कोटी डॉलरचा करार केला, २०२१ मध्ये नवा धक्का चालू झाला, आणि बंदरापासून इथिओपियाच्या सीमेपर्यंतचा रस्ता अबुधाबी आणि ब्रिटनच्या पैशातून झाला. करार करायला हर्गेसाचं, म्हणजे सोमालीलँडच्या राजधानीतलं, छोटं, मान्यता नसलेलं सरकार पुरलं. मोगादिशूने त्यावर फक्त बहिष्काराचे ठराव केले. मला असली छोटी, जवळची सरकारं चालतील.

खुरकूत

म्हणजे डांबर अखेर सरकारी पैशाचंच. आणि मग त्याच सरकारला एक पशुवैद्यकीय प्रयोगशाळाही द्या, कार्यशाळेचे पैसे कापून. डिसेंबर २०१६ मध्ये सौदीने पुन्हा बंदी घातली तेव्हा बर्बेऱ्याचा धक्का, तुमचा आवडता, महिनोन्महिने ओस पडला होता. हर्गेसाचा शिक्काही तेव्हा जेद्दाला पुरला नाही.

बिनसरकारी

प्रयोगशाळेला माझी हरकत नाही. ती बर्बेऱ्यात हवी, आणि तिचा खर्च निर्यातीच्या दर डोक्यामागे फी लावून निघावा. मोगादिशूतून पगार निघणार असतील तर विरोध कायम.

रोखठोक मंगल

आणि ज्याच्याकडे निर्यातीला डोकंच उरलं नाही त्याचं काय? २०२२ पर्यंत लागोपाठ पाच हंगाम पाऊस हुकला. कळप मेल्यावर लाखो लोक बायदोआ आणि मोगादिशूभोवती पालं ठोकून बसले. त्यांची मुलं शहरातच वाढणार. तुमची फी, डॉक्टरांचा शिक्का, नैरोबीकरांचा रस्ता, सगळं ज्याच्याकडे अजून शेळी आहे त्याच्यासाठी चाललंय.

नैरोबीकर

मंगलताई, यावर वेगळा धागा काढा. तिथल्या शहरांत वीज खाजगी डिझेल जनरेटरवर चालते आणि दर आफ्रिकेतल्या महागड्यांपैकी आहे. पालात राहणाऱ्याने शिलाई मशीन टाकायचं म्हटलं तरी गाडी आधी तिथेच अडते. मी लिहीन तिकडे.