ट्रॅव्हलर अजून कुणी खेळतं का?

लातूरवाला
आमचा चौघांचा ग्रुप. डीअँडडीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्र बनून खेळायचा खेळ) गुहा अन् राक्षसांचा कंटाळा आलाय, अंतराळातलं काहीतरी पाहिजे. ट्रॅव्हलर या अंतराळातल्या तशाच खेळाची जुनी पीडीएफ वाचतोय. 1977 चा गेम, काढणारी जीडीडब्ल्यू कंपनी 1996 लाच बंद पडली. मेलेल्या सिस्टिमवर वेळ घालवावा का?

परभणीकर
कंपनीचं सोडा, पोरं जमतात का ते बघा. आमच्याकडं लुडोला चौघं लगेच बसतात, आरपीजी (असला पात्रांचा खेळ) म्हटलं की सगळ्यांना शेतात काम निघतं.

हप्तेवाला (नांदेड)
मेलेली कामून म्हणता? मंगूस पब्लिशिंगनं 2008 ला नवी आवृत्ती काढली, 2016 ला दुसरी, 2022 ला तीच सुधारून. पुस्तकं निघतच असतात. त्यांच्या पहिल्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्यावर होते, त्यावरून सेफियस इंजिन हा वेगळा नियमसंच उभा राहिला. म्हणजे उद्या मंगूस बुडाली तरी नियम कुठं जात नाहीत. खेळातल्या अंतराळाचा नकाशा ट्रॅव्हलर मॅपच्या साइटवर फुकट.

फासे दोन, साधे, लुडोतले चालतात. वीस बाजूंच्या फाशासाठी कुरिअरची वाट बघायची नाही. बेरजेत कौशल्याचे गुण मिळवा, आठ किंवा वर आलं की काम झालं. गुण शून्य असले तर 36 पैकी 15 वेळा जमतं, एक असला की 21.

पण मी अडकलो तो हप्त्यापायी. (बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो, त्यामुळं असेल.) खेळात अंतराळजहाज कर्जावर घ्यायचं: पाचवा हिस्सा आधी, मग दरमहा किमतीचा 240 वा भाग, तोही 480 महिने! एका ताऱ्याहून दुसऱ्याकडं उडी मारायला आठवडा लागतो अन् निरोप जहाजाच्या पुढं जात नाही. त्यामुळं मालाचा भाव पोचल्यावरच कळतो, सोयाबीन मोंढ्यात उतरवल्यावर कळावा तसा. तलवारबाजीत जांभया देणारे आमचे गडी इथं वही घेऊन भांडतात. हप्ता चुकवून पळालं की वसुलीवाले मागावर. रेफरीनं (खेळ चालवणाऱ्यानं) वेगळं कथानक रचायची गरजच पडत नाही.

लातूरवाला
पात्र तयार करतानाच माणूस मरतो म्हणतात, खरंय?

हप्तेवाला (नांदेड)
जुन्या नियमांत खरंय. अठराव्या वर्षी नोकरीला लागायचं, दर चार वर्षांनी जगण्याचा फासा. हुकला की कागद फाडा, नवा घ्या. मंगूसच्या नियमांत सहसा दुर्घटना होऊन नोकरी सुटते, जीव वाचतो. जुन्यात सगळ्यात जास्त धोका स्काउटला (अंतराळ धुंडाळणाऱ्याला), पण सुटताना बिनकर्जाचं जहाज हाती लागू शकतं. आमच्या दोघांची पात्रं त्याच लोभापायी गेली.

लातूरवाला
मग मंगूसचंच पुस्तक घेतो, वर्गणी काढून.

परभणीकर
पाचवा लागला तर सांगा. ऑनलाइन येतो, पण मला स्काउटच पाहिजे. अन् जुने नियम.